हिरव्या कपाचं गाणं

माझा धाकटा भाऊ रेकॉर्डिंग करत असला की आमच्या घरात कुकर लावायला बंदी असायची. वरच्या खोलीच्या भिंतींना त्यानं जुन्या गाद्या टांगल्या होत्या. पंखा बंद, खिडकीच्या फटींत आईच्या जुन्या लुगड्याचे बोळे, आणि आत तो उघड्या अंगानं घामाघूम होऊन मजुरांच्या हालांवर रॅप करायचा. एवढा बंदोबस्त करूनही आई विसरायची, आणि कुकरची शिट्टी नेमकी त्याच्या सगळ्यात चांगल्या ओळीवर पडायची. मग तो जिन्यातून ओरडायचा, "आई, यार!" आणि आई खालून ओरडायची, "बाबू, तुया क्रांतीच्या आधी वरन तं शिजू दे!"

समाजाची एवढी काळजी असलेला हा मुलगा स्वतःचा ओला टॉवेल पलंगावरून उचलत नसे. मी एकदा त्याला म्हटलं, तुझ्या पुढच्या गाण्यात या घरातल्या दोन बाया टाक, त्याही मजूरच आहेत. तो हसला आणि टॉवेल तिथंच ठेवून गेला. पण खरं सांगायचं तर तो लिहायचा छान. इंजिनिअरिंग करून लागलेली नोकरी सोडून तो घरी आला तेव्हा आईनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. मीसुद्धा चिडले होते. मग त्यानं पहिलं गाणं ऐकवलं आणि मी म्हटलं, पुन्हा लाव.

अल्बमचं नाव त्यानं ठेवलं होतं 'मेंटेनेंस'. भिलाईबाहेरच्या माणसाला हे नाव रुक्ष वाटेल. आमचं लहानपण सेक्टर सहाच्या क्वार्टरात गेलं. बाबा भंडाऱ्याकडचे, शेतीवाडी भावांवर सोडून इथल्या स्टील प्लांटमध्ये लागलेले. क्वार्टरात नळ गळला, पंखा बंद पडला, भिंतीला ओल आली की तक्रार लिहायची, मग ठेकेदाराची माणसं यायची. त्यांना सगळे मेंटेनेंसवाले म्हणायचे. नाव कुणी विचारत नसे. भिलाईत जात विचारायच्या आधी लोक विचारतात, रेगुलर आहे की ठेक्यावर? एकाच भट्टीसमोर दोघं भाजतात. पण एकाला क्वार्टर, दवाखाना, पेन्शन, आणि दुसऱ्याला तीन महिन्यांचा गेट पास. पास पुढं सरकला तर काम, नाही तर घर. भावाचं एक गाणं होतं त्यावर:

"पंखा तेरा मैं सुधारूँ, मेरी हवा कहाँ है,
दीवार तेरी मैं पोतूँ, मेरी जगह कहाँ है."

आईनं हे ऐकून विचारलं होतं, "हे कोनाच्या तोंडचं आहे?" तो म्हणाला, मेंटेनेंसवाल्याच्या. आई म्हणाली, "मंग हवा कायले मांगते? त्याच्याजवळ तं पंखाच आहे." भावानं कपाळाला हात लावला.

अल्बमचा त्याचा एक नियम होता. घराबाहेरचं सगळं हिंदीत म्हणायचं, घराच्या आतलं मराठीत. आम्ही भिलाईची मुलं तशीच वाढलो. चपला काढल्या की मराठी, पायात घातल्या की हिंदी. त्यामुळे हिंदी गाणी धडाधड झाली, आणि शेवटचं मराठी गाणं काही केल्या होईना. त्याची मराठी जेवण, टॉवेल आणि पैसे दे, एवढ्यापुरती. एकदा त्यानं शब्दकोशातून शोधून 'माझे हृदय व्यथित आहे' अशी ओळ आणली. आईनं काळजीनं विचारलं, "ॲसिडिटी झाली का रे?"

आता आमच्या घरातल्या मराठीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

आमच्या आईचा पक्का समज होता की मराठी ही फक्त आपल्याला समजते. आमच्या ओळीत तेलुगू होते, मल्याळी होते, बंगाली, बिहारी, छत्तीसगडी, सगळे होते. प्रत्येकाला वाटायचं आपली भाषा म्हणजे दारावरचा जाड पडदा, त्यामागं काहीही बोला. आई बाजारात भाजीवालीच्या तोंडावर मला सांगायची, "भेंडी जून आहे, घेऊ नको, हे बाई लुबाडते." भाजीवाली शांतपणे भेंडी मोडून दाखवायची, "ले जा दाई, जून नइ हे." तरीही आईच्या डोक्यात प्रकाश पडत नसे. शेजारच्या तेलुगू काकूंच्या नव्या सुनेबद्दल ती त्यांच्याच ओट्यावर बसून माझ्याशी बोलायची, आणि तेही खड्या आवाजात. हिंदीत बोलताना आई आवाज खाली ठेवायची, लोक ऐकतात म्हणून. मराठीत मात्र बिनधास्त. मीही तशीच होते. आम्ही सगळेच तसे.

मी सेक्टर सहामधल्याच एका शाळेत शिकवत होते तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या वर्गातले पंखे दुरुस्त करायला ठेकेदाराची एक गँग आली. त्यातला एकजण शिडीवर चढला आणि वरूनच मला म्हणाला, "मैडम, बच्चों को बोलो आँख बंद करें, धूल गिरेगी." मुलांनी डोळे मिटले. मी उघडेच ठेवले. त्याच्या भुवयांवर पांढरी धूळ पडत होती आणि तो हसत होता.

तो छत्तीसगडचा, आयटीआय केलेला, शहराच्या कडेला बोरसीला एका खोलीत राहायचा. घरात पुढं शिकलेला तो पहिलाच. आमचं सगळं प्रेम हिंदीत झालं. शाळा सुटल्यावर मी स्कूटी हळू चालवायची आणि त्यानं सायकल जोरात, म्हणजे बरोबर चालल्यासारखं व्हायचं. आईचा फोन आला की मी त्याच्यासमोरच मराठीत खोटं बोलायची, "अगं, मैत्रिणीकडे आहे, तिच्या आईनं पोहे केलेत, खाऊन येते." फोन ठेवला की तो विचारायचा, "क्या बोली?" मी म्हणायची, काही नाही, लवकर ये म्हणाली. तो तोंड फिरवून हसायचा. मला वाटायचं, माझ्या खोटं बोलण्याच्या चेहऱ्याला हसतोय. एकदा मी चिडून आईला फोनवर म्हटलं, "तुला काय करायचंय, मी जेवले का नाही ते!" आणि तो थोड्या वेळानं गंभीरपणे म्हणाला, "माँ से ऐसे नहीं बोलते." मी म्हटलं, तुला काय कळलं मी कसं बोलले? म्हणाला, आवाज से. मी विश्वास ठेवला.

मग एका रविवारी तो घरी आला. शाळेत पंखे दुरुस्त करायला येतो, ओळखीचा आहे, भेटायला येतोय, एवढंच मी सांगितलं होतं. बाबा ड्यूटीवर होते. भाऊ नागपूरला होस्टेलमध्ये. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, केसांना तेल लावून भांग पाडला होता, आणि जिलेबीचा पुडा दोन्ही हातांत धरला होता. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. सारखा घसा साफ करत होता. मला वाटलं घाबरलाय.

क्वार्टरचं स्वयंपाकघर म्हणजे बाहेरच्या खोलीला लागूनच, मधे दारसुद्धा नव्हतं. मी चांगले कप काढले. आई माझ्यामागं आली आणि नेहमीच्या खड्या आवाजात म्हणाली, "हा तोच ना, पंखेवाला?"

"हो."

"मंग ते कप कायले काढून राहिली? हिरव्या कपात दे त्याले."

हिरवा कप म्हणजे मेंटेनेंसवाल्यांचा कप. प्रत्येक क्वार्टरात असा एखादा असायचा. आमचा हिरवा होता, कडेचा टवका उडालेला, आणि तो खिडकीत पालथा असायचा. नळवाला, रंगवाला, जो येईल त्याला त्यातून चहा. आईला यात वाईट काही वाटत नव्हतं. चहा देतो हेच मोठं, असं तिला वाटायचं.

मी म्हटलं, "आई, तो पाहुणा आहे. मी त्याच्याशी लग्न करणार आहे."

आईनं हातातली गाळणी ठेवली. "ठेक्यावाल्याशी? तीन महिन्याचा पास त्याचा. पास संपला का घरी. तुले काय पंख्याची हवा खाऊ घालन?"

"उपाशी राहीन. पण याच्याशीच करीन."

"येवढा काय सोन्याचा लागून गेला?"

"आहे सोन्याचा. तुला नाही दिसणार."

मी आईशी इतकी कधीच भांडले नव्हते. आवाज चढला होता. पण बाहेर तो बसलाय म्हणून आवाज खाली करावा, हे आमच्या दोघींच्याही मनात आलं नाही. कशाला येईल? भांडण मराठीत होतं.

शेवटी आई म्हणाली, "मंग मी मेली म्हनून समज. माया दारात पाय नको ठेवू."

आणि तिनं स्वतः हिरव्या कपात चहा ओतला, चेहरा पुसला, बाहेर गेली आणि हसून म्हणाली, "लो ना बेटा, पियो."

त्यानं कप दोन्ही हातांनी घेतला. सगळा चहा प्यायला. "बहुत अच्छी बनी है, आंटी." मग उठला. माझ्याकडे पाहिलं. मी त्याला डोळ्यांनी सांगत होते, थांब, मी बघते, मी बोलते तिच्याशी. तो म्हणाला, "चलता हूँ." जिलेबीचा पुडा टेबलावर तसाच होता.

त्यानंतर तो मला दिसला नाही.

फोन लागला, उचलला नाही, मग बंद झाला. शाळेत दुसरी गँग येऊ लागली. मी हिय्या करून बोरसीला गेले, तर खोलीला कुलूप. घरमालकीण म्हणाली, दुसऱ्या कुठल्या तरी प्लांटला गेलाय, ओडिशाकडे, सामान नेलंय. निरोप काही नाही. मी त्या गल्लीत उभी राहून रडले. एक बाई पाणी घेऊन आली तर मी तिच्यावरच ओरडले.

आई म्हणायची, "पाय, म्हटलं नवतं का मी? घर पायलं, चार शब्द बोलला नाही, अन पयाला." आणि मला तेच खरं वाटायचं. मी याच्यासाठी आईशी एवढी भांडले, आई मेली म्हणून समजायलाही तयार झाले, आणि याला त्याचा पत्ताही नाही. एका कप चहात पळाला. घाबरट. मी आईवर रागावले नाही, त्याच्यावर रागावले. आई निदान समोर उभी होती. तो राग मला खूप पुरला. स्थळं आली, नाकारली. मग येईनाशी झाली. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, भिलाईलगतच्या रुआबांध्याला हे घर बांधलं, बाबा गेले. मी शिकवत राहिले. कुणी विचारलं लग्न का केलं नाही, की मी म्हणायची, मनासारखा मिळाला नाही. मनात म्हणायची, मिळाला होता, पण त्याच्यात दम नव्हता.

भावाला यातलं काही माहीत नव्हतं. पोराला कशाला सांगायचं, असं आईचं मत, आणि मला सांगायची लाज.

तर अल्बमचं ते शेवटचं मराठी गाणं अडलं होतं, आणि भाऊ मोबाइल घेऊन प्लांटच्या गेटबाहेरच्या चहाटपऱ्यांवर बसू लागला. ठेक्यावरच्या लोकांशी बोलायचा, परवानगी घेऊन त्यांचे आवाज रेकॉर्ड करायचा. एका दुपारी तो उड्या मारत घरी आला. "ताई, मिल गया! लास्ट ट्रैक मिल गया!" कुणीतरी एक माणूस भेटला होता. भाऊ फोनवर आईशी बोलत होता ते ऐकून तो माणूस जवळ आला, विचारलं, मराठी आहात का, आणि मग म्हणाला, मी मराठीत एक गोष्ट सांगितली तर चालेल का? भावानं त्यावर रॅप केलाच नाही. त्या आवाजाखाली फक्त चमचा कपावर वाजवल्याचा एक बारीक ताल ठेवला. "इसमें मेरी ज़रूरत ही नहीं है," असं म्हणाला. माझ्या भावानं एवढं नम्र काही आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेल.

सगळा अल्बम पूर्ण झाल्यावर त्यानं आम्हा दोघींना समोर बसवलं. दुपार होती. आई मेथी निवडत होती. कुकरला अर्थात सुट्टी. एकेक गाणं वाजत गेलं. आई मधेच मान डोलवायची, मधेच म्हणायची, "इथं शिवी दिली का रे?" मला अभिमान वाटत होता, आणि तो लपवायला मी त्याला चिडवत होते. मग शेवटचं लागलं.

आधी चमचा वाजला. मग कुणीतरी घसा साफ केला.

ते घसा साफ करणं माझ्या ओळखीचं होतं. तो आवाज मी ओळखला, आणि ओळखूनही ओळखता येईना, कारण तो मराठीत बोलत होता. मी तो आवाज मराठीत कधी ऐकलाच नव्हता.

"चुकलं तं हसू नका," आवाज म्हणाला. "मराठी माई भाषा नोहे. आमच्या गँगमंधी एक म्हातारा मुकादम होता, गोंदियाकडचा. त्यानं शिकवली. कावून शिकलो? एक पोरगी होती. तिच्या मायले तिच्याच भाषेत मांगनं घालाचं होतं. एक वाक्य पाठ केलं होतं. बोरसीपासून सेक्टर सहापर्यंत सायकलवर तेच म्हनत गेलो."

आईच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"घरात बसलो. आंदरून बोलनं आयकू येत होतं. त्यांले वाटे, याले काय समजते. म्हनून जोरात बोलत. मायनं म्हटलं, हिरव्या कपात दे. मले समजलं. आमच्यासाठी प्रत्येक घरात असा कप असते, मले नवीन नवतं. पन मंग पोरगी भांडली. मायासाठी. म्हने, उपाशी राहीन, पन याच्याशीच करीन. मायासाठी जिंदगीत कोनी भांडलं नवतं. मले वाटलं, उठाव अन सांगाव, बाई, मले समजते, सगळं समजते. तेवढ्यात मायनं म्हटलं, मी मेली समज."

चमचा काही वेळ वाजत राहिला.

"अन गेट पासचं म्हटलं. ते खोटं नवतं. त्याच हप्त्यात ठेकेदार बदलला, माया पास झाला नवता. मी पोरीले सांगतलंही नवतं. म्हटलं, आधी मांगनं घालू, मंग सांगू. मंग मी म्हटलं, अशा मानसासाठी तिनं माय कायले सोडाव? मी काही समजत नाही असा बसून राहिलो. चहा पेलो. हिंदीत म्हटलं, चांगला झाला. चहा खरंच चांगला होता. तिले आजही मालूम नसन का मले समजत होतं. बस. एवढंच. येतो मी."

गाणं संपलं. भाऊ आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता, परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या पोरासारखा. "कैसा लगा? बोलो ना. आई? ताई, तू रो रही है क्या?" आणि मग खूश होऊन, "मतलब असर हो रहा है!"

मला त्याला मारावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. मी यातलं काहीच केलं नाही. मी विचारलं, "कोण आहे रे तो?"

"बीच में ओडिशा गया था, वापस आ गया. अभी भी ठेके में ही है. बोरसी में रहता है, बीवी है, दो बच्चे हैं. नाम डालने को मना किया. बोला, उस घर के लोग इधर ही होंगे, उनको बुरा लगेगा." मग म्हणाला, "मैंने पूछा वो लाइन क्या थी, जो याद की थी. नहीं बताया. बोला, वो उस घर के लिए थी."

आई उठली. जाताना भावाला म्हणाली, "राहू दे ते. त्यातलं काही कापू नको." आणि स्वयंपाकघरात गेली.

मी थोड्या वेळानं मागं गेले. आई तांदळाच्या डब्याजवळ उभी होती. हिरवा कप आमच्याबरोबर रुआबांध्याला आला होता. इथं मेंटेनेंसवाले येत नाहीत, म्हणून तो तांदूळ मोजायच्या कामी लागला होता. रोज त्यानं मोजलेला भात आम्ही खात होतो. आईच्या हातात तो तांदळानं भरलेला होता, आणि तिला पुढं काय करायचं ते सुचत नव्हतं.

"त्याले समजत होतं व," ती म्हणाली. "मी त्याच्या तोंडावर... अन त्यानं म्हटलं चहा चांगला झाला. त्याले सगळं समजत होतं."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. खूप वर्षं जमवून ठेवलेलं बोलायला हवं होतं. पण माझ्याजवळचं सगळं त्याच्याविरुद्ध होतं. घाबरट, पळपुटा, दम नसलेला. मी त्याला एवढी वर्षं जे जे म्हणत आले, त्यातलं एकही खरं नव्हतं. तो माझं भांडण ऐकून गेला होता. मी त्याच्यावर किती प्रेम करते हे त्याला माझ्या भाषेत, माझ्या तोंडून कळलं होतं, आणि मला वाटत होतं की त्याला त्याचा पत्ताच नाही. तोवर राग होता, रागाला टेकून उभी होते. तो राग गेला आणि त्याच्या खाली जे होतं ते जसंच्या तसं ताजं निघालं. मी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिच्यामुळेच झालं आणि तिच्याच खांद्यावर रडले, कारण या जगात ही गोष्ट कळेल असं दुसरं माणूस माझ्याकडे नव्हतं. त्या दिवशी कुकर लागलाच नाही. भाऊ बाहेरून समोसे घेऊन आला आणि म्हणाला, पार्टी!

त्याला आम्ही सांगितलं नाही. त्याच्या अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं त्याच्या स्वतःच्या घरातलं आहे, हे त्याला कळलं तर ही गोष्ट वाचूनच कळेल.

अल्बम बाहेर आला तेव्हा त्यानं सेक्टर सहामधला एक छोटा हॉल घेतला होता. संध्याकाळी ठेक्यावरची पोरं आली, कॉलेजची आली, आमचे जुने शेजारी आले. भावाला धाकधूक होती की शेवटचं मराठी गाणं कुणाला कळणार नाही. कागदावर हिंदी अर्थ छापून आणूया का, असं तो मला सकाळपासून विचारत होता. मी म्हटलं, काही गरज नाही.

हिंदी गाण्यांना शिट्ट्या पडल्या, लोक उभे राहून नाचले. मग चमचा वाजला, घसा साफ झाला, आणि हॉल हळूहळू शांत होत गेला. आमच्या पुढच्या ओळीत जुन्या क्वार्टरच्या शेजारच्या तेलुगू काकू बसल्या होत्या. 'मी मेली समज' ह्या वाक्याला त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्यांच्या शेजारी मल्याळी काका होते, त्यांनी मान खाली घातली. मागं कुणी बंगाली मुलगी मुसमुसत होती. सगळ्यांना सगळं कळत होतं. नेहमीच कळत होतं. त्या रविवारी भिंतीपलीकडे काकूही घरातच होत्या, हे मला तेव्हा कुठं आठवलं. त्यांनी कधी मला विचारलं नाही. फक्त त्या वर्षी त्यांनी माझ्यासाठी फार वेळा इडल्या पाठवल्या होत्या.

आई माझ्या शेजारी ताठ बसली होती. गाणं 'येतो मी'वर आलं, आणि तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं, आजूबाजूला पाहिलं, आणि इतक्या हळू बोलली की मलाच नीट ऐकू येईना. आयुष्यात पहिल्यांदा माझी आई मराठीत कुजबुजत होती.

"तो आला असन का व?"

"नाही," मी म्हटलं. "बाबूनं बोलावलं होतं. नाही म्हणाला."

आईनं माझा हात धरला. लोक टाळ्या वाजवत होते. मी तरीही दाराकडे बघत राहिले. मला त्याच्याकडून आता काही नको होतं. त्याचं घर आहे, बायको आहे, मुलं आहेत, सुखी असू दे. मला फक्त त्यानं सायकलवर पाठ केलेलं ते वाक्य ऐकायचं होतं, आणि एकदा, एकदाच, त्याच्याशी मराठीत बोलायचं होतं.